"माझा मेल कुठं गेला?": कोल्हापूरच्या फाउंड्रीत प्रॉक्समॉक्स मेल गेटवे

स्पॅम फिल्टर विकायला येणारा माणूस खुर्चीत नीट बसायच्या आधी टक्केवारी सांगतो. नव्व्याण्णव, पुढं दशांशचिन्ह, पुढं आणखी नऊ. त्या आकड्यांवर माझी काही शंका नाही. लॉटरी लागली, पार्सल कस्टम्समध्ये अडकलं, तुमचा मेलबॉक्स भरला, असला कचरा आता सगळेच अडवतात. मला हवं होतं ते वेगळं. खरेदी खात्यातले साहेब फोनवर म्हणतात, "मॅडम, राजकोटच्या पार्टीनं सकाळी मेल टाकलाय म्हणतोय, माझ्याकडं काहीच नाही." तो मेल नेमका कुठं आहे, हे साहेबांनी फोन ठेवायच्या आत मला सांगता आलं पाहिजे. प्रॉक्समॉक्स मेल गेटवे हा मेल सर्व्हरच्या दारात उभा राहून मेल तपासणारा फिल्टर मी या एका कसोटीवर निवडला. दिवाळी, मार्चअखेर आणि रिटर्नांचा मोसम असे सगळे तडाखे त्यानं आमच्याकडं खाऊन झालेत, म्हणून आता लिहिते.

आमची फाउंड्री गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, आणि मशीन शॉप कागलच्या पंचतारांकित वसाहतीत. मशीन शॉप पूर्वी वेगळी कंपनी होती, त्यामुळं तिचं डोमेन वेगळं, मेल सर्व्हर वेगळा, आणि फिल्टरही वेगळाच होता. शिवाय जुन्या नावाचं एक डोमेन अजून जिवंत ठेवलंय, कारण परदेशातली दोन-तीन गिऱ्हाइकं अजून त्याच पत्त्यावर लिहितात. सगळे मिळून सव्वाशेच्या आसपास मेलबॉक्स. आयटी विभाग म्हणजे मी आणि हार्डवेअर बघणारा एक मुलगा.

या धंद्याची एक गोम सांगायला हवी. आमचा खरा मेलच स्पॅमसारखा दिसतो. नवं गिऱ्हाईक म्हणजे अनोळखी माणूस, पत्ता जीमेलचा, सब्जेक्ट सगळा इंग्रजी मोठ्या अक्षरांत, "अर्जंट रिक्वायरमेंट ऑफ सीआय (बिडाचं) कास्टिंग", मजकूर दोन ओळींचा, आणि सोबत ड्रॉइंगची झिप. स्पॅमअसॅसिन या मेलला स्पॅमपणाचे गुण देणाऱ्या फुकट प्रोग्रॅममध्ये सगळ्या मोठ्या अक्षरांतल्या सब्जेक्टला वेगळे गुण देणारा नियमच आहे. ज्यानं तो लिहिला त्यानं राजकोट, कोइमतूर किंवा लुधियानाच्या व्यापाऱ्याचा मेल बघितलेला नसणार. उलट बाजूला आमच्यावर येणारे खरे घातक मेल अगदी सभ्य दिसतात. "डिअर सर, काइंडली कोट फॉर अटॅच्ड ड्रॉइंग", सोबत झिप, आणि झिपच्या आत डॉट-ईएक्सई. तो मेल बनवणाऱ्यानं आमची वेबसाइट वाचून ग्रेड आणि टनेजसुद्धा घातलेलं असतं.

आधी आम्ही होस्टिंग कंपनीचाच फिल्टर वापरत होतो. नाव सांगत नाही, पण काम कसं चालायचं ते सांगते. संशय आला की मेल गायब. पाठवणाऱ्याला उत्तर नाही, आम्हाला सूचना नाही, शोधायला जागाही नाही. तक्रार केली की तिकीट नंबर मिळायचा आणि दोन दिवसांनी "आमच्याकडून सगळं ठीक आहे." जर्मनीच्या गिऱ्हाइकानं ड्रॉइंगचं सुधारित रिव्हिजन पाठवलं ते असंच हवेत विरलं आणि पॅटर्न, म्हणजे साचा काढायचा नमुना, जुन्या ड्रॉइंगवर तयार झाला. पॅटर्न पुन्हा करायचा खर्च झाला तो झाला, वर गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न "तुम्ही मेल वाचत नाही का?" धाकट्या साहेबांनी त्याच आठवड्यात विचारलं, की दोन्ही युनिटला मिळून एकच फिल्टर बसवायचा तर काय काय पर्याय आहेत.

पर्याय पुष्कळ होते. सगळं उचलून मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलकडं न्यायचं, म्हणजे फिल्टर सोबत येतोच. ज्यांच्याकडं स्वतःचा सर्व्हर सांभाळायला माणूस नाही त्यांनी हेच करावं, मी भांडणार नाही. आमच्याकडं अडचण दर मेलबॉक्सला दरमहा या हिशेबाची होती. निम्मे मेलबॉक्स शॉप फ्लोअरचे, दिवसाला एखादा डिस्पॅच रिपोर्ट पाठवणारे. त्यांच्यासाठी पूर्ण भाडं भरायचं हे मालकांच्या गळी उतरलं नाही. नुसती क्लाउडवरची गाळणी घ्यायची आणि सर्व्हर आपलाच ठेवायचा, हा मधला रस्ताही बघितला. तिथंही हिशेब माणशीच, शिवाय गिऱ्हाइकांची ड्रॉइंग तिसऱ्याच्या यंत्रातून जाणार म्हटल्यावर आमच्या एक्स्पोर्टच्या करारातली गोपनीयतेची कलमं काढून बसावं लागलं असतं.

पेटी, म्हणजे फिल्टर आत भरलेलं तयार यंत्र, विकत घ्यायची, हा तिसरा प्रकार. रॅकमध्ये लावा आणि विसरा, असं म्हणून विकतात. पण विसरता येत नाही हे २०२३ साली सगळ्या जगाला दिसलं. बाराकुडा कंपनीच्या मेल सुरक्षा पेट्यांमध्ये, येणाऱ्या मेलच्या टार फाइली तपासणाऱ्या भागातच दोष निघाला (सीव्हीई-२०२३-२८६८), आणि हल्लेखोर तो आधीच्या ऑक्टोबरपासून वापरत होते. दुरुस्ती पाठवूनही भागलं नाही. ज्या पेट्यांत शिरकाव झाला होता त्या काढून नव्या बसवा, असं खुद्द कंपनीला सांगावं लागलं. ही काही एका कंपनीची बदनामी नाही. फिल्टर हे यंत्र जगातल्या प्रत्येक अनोळखी माणसानं पाठवलेली प्रत्येक फाइल उघडून बघतं, तेव्हा हल्ला त्याच्यावरच होणार. त्याच वर्षी फेब्रुवारीत क्लॅमएव्ही या फुकट अँटीव्हायरसमध्येही फाइल उघडणाऱ्या भागात असाच गंभीर दोष सापडला होता, आणि मी जे घेतलं त्याच्या पोटात क्लॅमएव्हीच आहे. फरक इतकाच, की दुरुस्ती आली की नाही हे मला स्वतःला बघता येतं आणि त्याच संध्याकाळी बसवता येते.

चौथा पर्याय आरस्पॅमडी, हाही खुल्या सोर्सचा स्पॅम फिल्टर. मनापासून सांगते, तांत्रिकदृष्ट्या हाच मला जास्त आवडला. सी भाषेत लिहिलेला, वेगवान, नियम लुआ या छोट्या भाषेत, आणि प्रत्येक मेलला कुठल्या कारणासाठी किती गुण पडले हे त्याच्या पडद्यावर छान दिसतं. पण त्यात क्वारंटाइन नाही. अडवलेला मेल ठेवायचा कुठं, वापरणाऱ्याला दाखवायचा कसा, त्यानं सोडवायचा कसा, हे सगळं आपण बांधायचं. मी बांधलंही असतं. मग मी बाळंतपणाच्या रजेवर गेले की ते कोण सांभाळणार? एवढ्याशा विभागात हा प्रश्न आधी विचारावा.

म्हणून प्रॉक्समॉक्स मेल गेटवे. व्हिएन्नाची कंपनी, तीच जी सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनसाठी आपल्याकडंही पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. आत सगळे जुने ओळखीचे भिडू आहेत: खाली डेबियन लिनक्स, टपाल वाहायला पोस्टफिक्स, गुण द्यायला स्पॅमअसॅसिन, विषाणूंसाठी क्लॅमएव्ही. कंपनीनं केलंय ते एवढंच, की या सगळ्यांना एका पडद्यामागं नीट बांधलंय आणि वर नियमांची यंत्रणा, क्वारंटाइन आणि शोध बसवलाय. सोर्स खुला आहे. पैसे न भरताही पूर्ण चालतं, फक्त लॉगिन करताना सबस्क्रिप्शन नसल्याची चौकट समोर येते आणि अपडेट कमी तपासलेल्या भांडारातून घ्यावे लागतात. आम्ही पैसे भरतो. भाव दर यंत्रामागं, वर्षाचा. मेलबॉक्स सव्वाशे असोत की हजार, बिल तेच. मालकांना एवढं एक वाक्य पुरलं.

बसवणं सोपं आहे. आयएसओवरून चढवलं, ८ जीबी मेमरी दिली, ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवर पडदा उघडला. कुठल्या डोमेनचा मेल घ्यायचा आणि तो आत कुठल्या सर्व्हरकडं द्यायचा, हे दोन तक्त्यांत भरायचं. गोकुळ शिरगावचं डोमेन इकडच्या झिंब्रा मेल सर्व्हरकडं, कागलचं तिकडच्या सर्व्हरकडं, जुनं डोमेनही इकडंच. केंद्रीय फिल्टरचा खरा फायदा इथं दिसतो. झिंब्राच्या पोटातही स्पॅमअसॅसिन असतोच, पण तो दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं चालवायचा, एकीकडं अडवलेला पत्ता दुसरीकडं मोकळा सोडायचा, ही कसरत संपली. आता नियम एकदाच लिहिते.

वेळ गेला तो डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावा-पत्त्यांच्या वहीत, आणि याबद्दल विकणारे कुणी बोलत नाहीत. स्पॅमहाउससारख्या काळ्या याद्या डीएनएसमधून विचारल्या जातात. तुमचा गेटवे गूगलच्या ८.८.८.८ किंवा तसल्याच सार्वजनिक सर्व्हरमार्फत विचारत असेल तर स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा, चूक झाल्याचं सांगणारा कोड परत पाठवतं. ज्या जुन्या मांडणीत कुठलंही उत्तर म्हणजे "यादीत आहे" असं धरलेलं असतं, तिथं त्या दिवशी सगळ्या जगाचा मेल बंद. तेव्हा गेटवेवरच अनबाउंड हा छोटा डीएनएस सर्व्हर बसवून डीएनएस स्वतः विचारायला लावा. मेलच्या हेडरमध्ये यूआरआयबीएल-ब्लॉक्ड असा नियम लागलेला दिसला तर समजा की तुमचं अजून झालेलं नाही. उलट दिशेच्या, आयपी पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या नोंदीचं, म्हणजे पीटीआरचं, काम इंटरनेट पुरवणाऱ्याकडून करून घ्यायचं असतं. तिथं गोड बोला, दर आठवड्याला फोन करा, होतं.

आता मुख्य गोष्ट, ट्रॅकिंग सेंटर. तारीख, पाठवणारा, घेणारा, यातलं काहीही अर्धवट टाका. त्या मेलचं काय झालं ते समोर येतं. पोचला, अडवला, क्वारंटाइनमध्ये आहे, दारातूनच परत केला, की ग्रेलिस्टिंगमध्ये (अनोळखी सर्व्हरला थोडं थांबवायची युक्ती, पुढं सांगते) थांबलाय. ओळीवर टिचकी मारली की लॉगच्या मूळ ओळी. ग्रेलिस्टिंगमध्ये थांबलेले बघायचे तर वेगळी खूण करावी लागते, ती मी कायम करूनच ठेवते. राजकोटच्या पार्टीचा मेल? साहेब लाइनवर असतानाच दिसतं, की त्यांचा मेल आमच्या दारापर्यंत आलेलाच नाही. पार्टीला फोन केला की कळतं मेल आउटबॉक्समध्येच बसलाय, ड्रॉइंग ४० एमबीचं आहे. पूर्वी अशा वेळी खरेदी खातं आणि मी एकमेकांकडं संशयानं बघायचो. खरेदीच्या साहेबांनी आता फोनची सुरुवातच बदललीय, "मॅडम, जरा बघून सांगता का" असं म्हणतात. माझ्या दृष्टीनं सगळे पैसे तिथंच वसूल.

या शोधाला एक मर्यादा आहे. पडद्यावर ठराविक दिवसांचंच मागचं सापडतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणं लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत, तेव्हा लॉग दुसऱ्या यंत्रावर वाहून न्यायची व्यवस्था वेगळी करा. फार अवघड नाही, पण कुणीतरी करावी लागते.

नियमांची मांडणी समजायला मला थोडा वेळ लागला, पण एकदा डोक्यात बसली की सुटत नाही. कोण, काय, केव्हा आणि मग काय करायचं, अशा चार तऱ्हेच्या वस्तू बनवायच्या आणि त्या नियमात जोडायच्या. प्रत्येक नियमाला ० ते १०० मधला क्रमांक. मोठा आकडा आधी धावतो. विषाणू आणि धोकादायक फाइलींचे तयार नियम विश्वासातल्या पत्त्यांच्या नियमाच्या वर ठेवलेत, हे मला आवडलं. आपला जुना पुरवठादार असला तरी त्याचं यंत्र बाधलं असू शकतं. झिपच्या आत डोकावून बघणारा फिल्टरही वेगळा आहे, आमच्यासारख्यांनी तो लावलाच पाहिजे. फाइलींच्या शेपट्या बंद करताना मात्र आधी विभागांत फिरून या. डॉट-एससीआर ही विंडोजच्या स्क्रीनसेव्हरची शेपटी, आत सरळ चालणारा प्रोग्रॅम असतो, म्हणून सगळीकडं ती बंद करायला सांगतात. पण ऑटोकॅडच्या स्क्रिप्ट फाइलींनाही हीच शेपटी असते. डिझाईन खात्याला विचारलं तर ते त्या झिप करून कागलला पाठवतात. त्यांच्यासाठी दोन युनिटमधला रस्ता मोकळा ठेवून बाहेरून येणाऱ्या बंद केल्या.

गुणांचं सांगायचं तर स्पॅमअसॅसिन स्वतः ५ गुणांना स्पॅम म्हणतो, प्रॉक्समॉक्सचा तयार नियम मात्र ३ गुणांवरच क्वारंटाइनमध्ये टाकतो. साध्या ऑफिसला ३ ठीक आहे. आमच्या मोठ्या अक्षरांतल्या अर्जंट इन्क्वायरीला ते फार कडक होतं. सेल्स आणि खरेदीच्या पत्त्यांसाठी मी ५ ठेवले, अकाउंटसाठी ३ च. एकाच कंपनीत दोन वेगळ्या पट्ट्या लावता येत नाहीत, हा केंद्रीय फिल्टरबद्दलचा एक गैरसमज त्यानं माझ्यापुरता दूर केला.

आता एक गोष्ट, जी घेण्याआधी प्रत्येकानं तपासावी, फिल्टर कुठलाही असो. "ब्लॉक" म्हणजे नक्की काय? इथं मूळ मांडणीत मेल आधी दारात स्वीकारला जातो, मग तपासला जातो, आणि ब्लॉक झाला तर चुपचाप टाकून दिला जातो. म्हणजे ज्या दुखण्यासाठी आम्ही होस्टिंगवाल्याला सोडलं तेच! यावर उपाय आहे. मेल प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये रांगेत घेण्याआधी तपासायची सोय चालू केली की पाठवणाऱ्याचा सर्व्हर अजून दारात उभा असतानाच नकार मिळतो, आणि खऱ्या माणसाला "पोचलं नाही" असं उत्तर जातं. ही सोय मूळ मांडणीत बंद का ठेवलीय याची तांत्रिक कारणं मला कळतात, तपासणीला वेळ लागला की समोरचा सर्व्हर ताटकळतो वगैरे. तरी आमच्या मापाच्या कंपनीनं ती पहिल्याच दिवशी चालू करावी. आमच्याकडं आता तीनच वाटा आहेत: पोचेल, क्वारंटाइनमध्ये दिसेल, नाहीतर तोंडावर नकार मिळेल.

ग्रेलिस्टिंगबद्दल. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा "थोड्या वेळानं ये" म्हणायचं; खरा सर्व्हर परत येतो, स्पॅम ओतणारे बहुतेक परत येत नाहीत. युक्ती जुनी पण अजून चालते. फक्त आपल्याकडं सगळं ओटीपीवर चालतं. बँकेचा, जीएसटीचा, कुरिअर पोर्टलचा ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो, आणि अकाउंटच्या मॅडम रिटर्नच्या शेवटच्या तारखेला रात्री आठ वाजता पडद्याकडं बघत बसलेल्या असतात. मोठ्या संस्थांचे सर्व्हर परत येताना वेगळ्याच पत्त्यावरून येतात, त्यामुळं थांबणं आणखी लांबतं. ज्या डोमेनवरून ओटीपी येतात त्यांची यादी अकाउंटकडून आधी मागून घ्या आणि त्यांना ग्रेलिस्टिंगमधून वगळा. यादी अकाउंटनंच करायची, आपण अंदाजानं नाही.

एसपीएफ, म्हणजे आपल्या डोमेनच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणारी डीएनएसमधली नोंद. तिच्या बाबतीत जागतिक परिस्थिती सुधारलीय. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं ठोक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही), डीमार्क (या दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) सगळं सक्तीचं केलं, त्यामुळं मोठ्या कंपन्या तरी सरळ झाल्या. आमचे पॅटर्नवाले, ग्राइंडिंगवाले, हीट ट्रीटमेंटवाले मात्र तिथं नाहीत. कुणा भाच्यानं कधीतरी वेबसाइट करून दिली, मग मेल दुसरीकडं हलवला, एसपीएफची नोंद जुनीच राहिली. त्यांचा मेल आमचा गेटवे दारातच परत करतो, आणि ते बरोबरच आहे. शिरोलीच्या एका पॅटर्नवाल्या काकांना फोनवरून नोंद दुरुस्त करून दिली. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण आता त्यांचे मेल जीमेलवाल्यांनाही पोचायला लागले म्हणून खूश आहेत. ज्यांचं होत नाही त्यांना नावानिशी सूट.

क्वारंटाइनचा रिपोर्ट रोज प्रत्येकाला मेलनं जातो, मेल सोडवायच्या लिंकसकट. इंटरफेसमध्ये मराठी नाही. पण रिपोर्टचा नमुना साध्या फाइलमध्ये असतो, त्याची प्रत आपल्या फोल्डरमध्ये ठेवून हवी तशी बदलता येते. मी सगळा रिपोर्ट मराठीत केला. "मेल सोडा", "काढून टाका", "यांचे मेल कायम येऊ द्या", "यांचे मेल कधीच नकोत". स्टोअर आणि डिस्पॅचची माणसं तो रिपोर्ट वाचायला लागली ती त्यानंतर. आधी इंग्रजी रिपोर्टलाच ती स्पॅम समजून उडवत होती, आणि त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

या रिपोर्टमध्ये एक धोका आहे. मूळ मांडणीत लिंकवर टिचकी मारली की पासवर्ड न विचारता त्या माणसाचं क्वारंटाइन उघडतं. कुणी तो रिपोर्ट "जरा बघ रे" म्हणून सहकाऱ्याला फॉरवर्ड केला तर त्यालाही उघडतं. एलडीएपीच्या, म्हणजे कंपनीच्या खातेयादीतल्या, पासवर्डनं आत जायची सोय आहे, पण ती सगळ्यांना सरसकट लागते. आम्ही लिंकच ठेवली, नाहीतर पासवर्ड विसरल्याचे फोन मलाच. दुसरं, क्वारंटाइनमध्ये मेल मूळ मांडणीप्रमाणं सात दिवस राहतो. फाउंड्री दिवाळीला आठवडाभर बंद असते. माणूस भाऊबीज करून परत येईपर्यंत त्याचा अडकलेला मेल पुसून गेलेला असणार. आम्ही ३० दिवस केले, डिस्क कुठं महाग आहे.

मराठी आणि हिंदी स्पॅमबद्दल अपेक्षा कमी ठेवा. स्पॅमअसॅसिनच्या नियमांचा मुख्य साठा इंग्रजीचा. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून युनिकोडची हाताळणी पुष्कळ सुधारली, देवनागरी शब्दांवर नियम नीट लिहिता येतात, पण लिहायचे आपणच. भाषा ओळखण्याची सोय आहे, तिच्या यादीत मराठीही आहे. आपल्याला उपयोग उलटा, की चिनी आणि रशियन मजकुराला जास्त गुण देता येतात. आमच्याकडं देवनागरीत येतात ते मुख्यतः कर्जाचे मेल. आता नुसत्या "कर्ज" शब्दावर नियम लावावा तर आमच्या कामगार पतसंस्थेची सगळी परिपत्रकं अडकतील, आणि सेक्रेटरी थेट युनियनकडं जातील. "विनातारण" आणि "तात्काळ मंजुरी" दोन्ही असतील, आणि पाठवणारा पतसंस्थेचा नसेल, तरच. नियमांच्या अटी अशा "हे आणि हे, पण हे नाही" पद्धतीनं जोडायची सोय प्रॉक्समॉक्सच्या नव्या आवृत्त्यांत आली, त्याआधी फार आडवळणं घ्यावी लागत.

नियम शिळेही होतात. १ जानेवारी २०१० ला स्पॅमअसॅसिन वापरणाऱ्या जगभरच्या सर्व्हरांवर साधे मेल स्पॅम ठरायला लागले होते, कारण "तारीख फार पुढची आहे" असं ओळखणाऱ्या एका जुन्या नियमाच्या लेखी २०१० साल म्हणजे दूरचं भविष्य होतं. अपडेट रोज आपोआप येतात, पण ते खरंच येतायत ना हे सोमवारी बघायची सवय मी लावून घेतलीय.

जाणारा मेलही गेटवेतूनच पाठवतो, आत २६ पोर्टवर देऊन. डीकिमची सही तिथंच होते. आतल्या कुणाचा पासवर्ड चोरीला गेला आणि त्याच्या खात्यातून स्पॅम सुटायला लागला तर आपला आयपी काळ्या यादीत जायच्या आधी इथं अडतो. फक्त येणारा मेल तपासणारा फिल्टर मी अर्धाच समजते.

याच्यानं होत नाही ते एक मोठं काम. पुरवठादाराचं खरं खातं कुणीतरी ताब्यात घेतो, जुन्या पत्रव्यवहारातच उत्तर म्हणून लिहितो, "आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट इथं करा." एसपीएफ बरोबर, डीकिम बरोबर, लिंक नाही, फाइल नाही, इंग्रजीही नेहमीइतकंच मोडकं. फिल्टर त्याला शून्य गुण देतो, आणि कुठल्याही फिल्टरनं यापेक्षा फार वेगळं काही केलं असतं असं मला वाटत नाही. मालकांचं नाव आणि जीमेलचा पत्ता, असला भोंदूपणा मी नावावरच्या नियमानं अडवते. पण खऱ्या खात्यातून आलेल्याला अकाउंटनं जुन्या नंबरवर फोन करूनच पडताळायचं, असं लेखी ठरलंय. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन, तासांचा नाही मिनिटांचा हिशेब असतो, हे अकाउंटच्या भिंतीवर चिकटवलंय.

सपोर्ट तिकिटावर, ऑस्ट्रियातल्या कामाच्या वेळेत. आमची सकाळची मंडळी जेवणाच्या डब्यांकडं वळतात तेव्हा तिकडं ऑफिस उघडतं. सर्वात स्वस्त, कम्युनिटी दर्जाच्या सबस्क्रिप्शनमध्ये अपडेटचं चांगलं भांडार मिळतं, तिकिटं नाहीत. आम्ही त्याच्या वरचा घेतला. लिनक्सची भीती वाटणाऱ्यानं, किंवा डीएनएस कुणाच्या हातात आहे हेच माहीत नसलेल्या कंपनीनं हे घेऊ नये. तिथं माणशी भाडं परवडतं.

गेटवे एकदा बंद पडला तर? पडू दे. समोरचे सर्व्हर मेल रांगेत ठेवून परत परत येतात; पोस्टफिक्स तर मूळ मांडणीत पाच दिवस हातातला मेल सोडत नाही. महावितरणच्या दुपारभराच्या कामानं कुणाचा मेल हरवलेला नाही. कागलला दुसरं यंत्र क्लस्टरमध्ये, म्हणजे पहिल्याच्या जोडीनं, जोडायचा प्रस्ताव दिलाय, नियम दोन्हीकडं आपोआप सारखे राहतात, पण त्याचं सबस्क्रिप्शन वेगळं पडतं म्हणून फाइल अजून साहेबांच्या टेबलावर आहे.

घेणार असाल तर बदलाच्या दिवशी एक काम विसरू नका. एमएक्स नोंद, म्हणजे डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडं द्यायचा हे सांगणारी डीएनएसमधली नोंद, गेटवेकडं वळवली की जुन्या सर्व्हरची नोंद "असू दे बॅकअपला" म्हणून खाली ठेवायचा मोह होतो. स्पॅम पाठवणारे मुद्दाम त्या खालच्या नोंदीवरच जातात. जुनी नोंद काढा, आणि आतल्या सर्व्हरचं २५ पोर्ट फायरवॉलवर गेटवेशिवाय सगळ्यांना बंद करा.